थयथयाटाचं वेळापत्रक

संध्याकाळी नाशिकच्या रविवार कारंजावरून मेन रोडला वळलं, की खेळण्यांच्या दुकानापुढे फतकल मारून बसलेलं एखादं तीन वर्षांचं पोर हमखास दिसतं. त्याला ‘तीच’ गाडी हवी असते. पाय आपटून झाले, भोकाड पसरून झालं, आता अंग ताठ करून रस्त्यातच आडवं. आईबाबांचं लक्ष पोरापेक्षा बघ्यांकडेच जास्त. मग डोळे वटारणं, ‘पोलीसकाकांना बोलावू का?’, आणि तरीही जमलं नाही तर पाठीत धपाटा.

वरवर बेबंद दिसणाऱ्या या थयथयाटाला एक क्रम असतो. अमेरिकेतले संशोधक मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी 2003 साली दीड ते पाच वर्षांच्या 335 मुलांच्या पालकांनी लिहून दिलेली वर्णनं तपासली. किंचाळणं, लाथा झाडणं हा रागाचा भाग सुरुवातीलाच शिगेला पोहोचतो आणि उतरतो. रडणं, मुसमुसणं, कुशीत शिरू पाहणं हा दुःखाचा भाग शेवटाकडे वाढत जातो. चारातले तीन प्रसंग पाच मिनिटांच्या आत संपले होते. भर रस्त्यात ती पाच मिनिटं तासाभराची वाटतात, ते वेगळं!

पहिल्या टप्प्यातला उपदेश म्हणूनच वाया जातो. धोक्याची, रागाची वर्दी देणारा मेंदूतला अमिग्डाला लहानपणीही जोरात काम करतो. त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला विशी उलटून जाते. आणि आपला अमिग्डालाही तेव्हा पेटलेलाच असतो. सजग पालकत्वाची सुरुवात म्हणून पालकापासून होते. श्वास सावकाश, लांबवर सोडला की व्हेगस नावाची नस हृदयाची गती कमी करते. तेवढ्या अवधीत धपाटा टळू शकतो. पोर रहदारीत असेल तर आधी उचलून कडेला न्यावं, हे सांगायला नकोच.

राग उतरून रडं सुरू झालं, की खाली बसून एवढंच म्हणावं: ‘गाडी हवी होती ना? राग आला तुला. आज नाही घ्यायची.’ मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या 2007 च्या प्रयोगात रागीट, घाबरलेल्या चेहऱ्यांवरची भावना शब्दांत सांगताना अमिग्डालाची हालचाल मंदावलेली दिसली. प्रयोग मोठ्या माणसांवर झाला होता, तेव्हा त्यातून मुलांबद्दल फार मोठे निष्कर्ष काढू नयेत.

जवळ घेणं म्हणजे गाडी घेऊन देणं नव्हे. नऊदा नाही म्हणून दहाव्यांदा दिली, तर हट्ट अधिकच चिवट होतो. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाची सवय सुटता सुटत नाही. (आजीने पदराआडून हळूच दिलेली गाडीसुद्धा यातच मोजायची.)

एक गोष्ट मात्र वेगळी. रडता रडता श्वास अडकून ओठ निळे पडत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. हा प्रकार बहुधा धोक्याचा नसतो, पण काही मुलांमध्ये त्याचा संबंध लोहाच्या कमतरतेशी असतो आणि औषधाने फरक पडतो.