सीपी सागवानाचं गाव : आलापल्ली

नागपुरात घराची चौकट करायला घेतली की जुना सुतार अजूनही 'सीपी सागवान'च मागतो. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. १८६१ साली नागपूरला राजधानी करून इंग्रजांनी हा प्रांत उभा केला. तो प्रांत कधीच गेला, लाकूडबाजारात त्याचं नाव राहिलं. कुणी याच लाकडाला 'बल्लारशा' म्हणतं, कारण मोठा डेपो आणि रेल्वे तिथं. ज्या रानातून त्यातलं उत्तम लाकूड येतं, त्या आलापल्लीचं नाव मात्र गिऱ्हाइकाच्या कानावर क्वचितच पडतं.

आलापल्ली बल्लारशाहून सुमारे शंभर किलोमीटर आत, गडचिरोलीच्या अहेरी तालुक्यात. हा मुलूख अहेरीच्या गोंड जमीनदारीचा. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले, पुढच्या वर्षी नागपूरचं राज्य खालसा झालं आणि चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) रानांवर इंग्रजांची नजर स्थिरावली. रेल्वेला रुळांखाली घालायचे लाकडी स्लीपर हवे होते. १८७८ च्या वन कायद्यानं 'राखीव जंगल' हा वर्ग पक्का केला, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणाऱ्या माडिया-गोंडांना जळण, बांबू, मोहफुलं यांसाठी सरकारी परवानगीकडे पाहावं लागलं. रानातून अशा घरगुती गरजा भागवण्याला आपल्याकडे 'निस्तार' म्हणतात. हक्काची गोष्ट सवलत होऊन बसली. आलापल्लीला जाताना रस्त्याकडेच्या उंच सागांइतकंच हेही पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

तोडलेले ओंडके रानातून ओढायला हत्ती लागत. जवळच्या कमलापूरचा हत्तीकॅम्प ही त्याच कामाची खूण. आता लोक तिथं हत्ती पाहायला जातात.

एवढ्या तोडीतही एक तुकडा वाचला. १९५३ मध्ये सुमारे सहा हेक्टर रान मुद्दाम जसंच्या तसं राखलं गेलं. हेच 'वनवैभव'. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूरच होती. २०१४ मध्ये हा तुकडा जैवविविधता वारसा स्थळ ठरला. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण इथं थांबा. जुनं सागवानी रान कसं दिसायचं, ते इथं मान वर करून पाहता येतं.

मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं, ते आलापल्लीच्या रानातलं. शोभायात्रा निघाली बल्लारपूरहून, म्हणजे बल्लारशाहूनच.