धुरावलेले ब्रिस्केट

गोवंशीय जनावराच्या छातीचे चिवट मांस (ब्रिस्केट) लाकडाच्या धुरात, मंद आचेवर सुमारे दहा ते सोळा तास शिजवून केलेला मांसप्रकार. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, त्यातही मध्य टेक्सासमध्ये, तो बार्बेक्यूचा (धुरावर किंवा निखाऱ्यांवर मांस भाजण्याच्या परंपरेचा) मानबिंदू समजला जातो. मूळचा हा खाटकाच्या दुकानातला पदार्थ. झाकणाच्या शेगड्या (वेबर कंपनीची केटल शेगडी, १९५२) आणि पुढे घरगुती स्मोकर (मांस धुरावण्याच्या भट्ट्या) आल्यावर तो परसदारी होऊ लागला.

उगमाबद्दल मतभेद आहेत. रूढ समजानुसार श्रेय एकोणिसाव्या शतकातील जर्मन व चेक स्थलांतरित खाटकांना दिले जाते. न खपलेले मांस ते धुरावून विकत. एल्गिन येथील साउथसाइड मार्केट (१८८२) आणि लॉकहार्ट येथील क्राइट्स मार्केट (१९००) ही त्या परंपरेची जुनी दुकाने. मात्र तेथे जनावराचा पुढचा सगळा भाग भाजला जाई. ब्रिस्केट वेगळे मागितले जात नसे. दुसरे मत ज्यू स्थलांतरितांकडे बोट दाखवते. मागच्या पायातील मोठी नस खाणे त्यांच्या धर्मनियमांनुसार वर्ज्य आणि ती काढणे किचकट असल्याने बहुतेक ठिकाणी पुढच्या भागाचेच मांस वापरले जाई. टेक्सासमधील धुरावलेल्या ब्रिस्केटचे सुरुवातीचे छापील उल्लेखही सुमारे १९१०–२० या काळातील ज्यू दुकानांच्या जाहिरातींत सापडतात, असे बार्बेक्यूचे अभ्यासक डॅनियल व्हॉन यांचे प्रतिपादन आहे. हे मत अधिक ग्राह्य वाटते. कृष्णवर्णीय गुलामांनी जोपासलेली खड्ड्यातील निखाऱ्यांवर मांस भाजण्याची विद्या या दोन्ही मतांत मागे पडते, हा मोठा दोष आहे. पूर्व टेक्सासचा बार्बेक्यू मुख्यतः तिच्यावरच उभा आहे.

ब्रिस्केटचे आजचे प्राधान्य मात्र बरेच अलीकडचे असावे. आयोवा बीफ पॅकर्स या कंपनीने १९६७ च्या सुमारास मांसाचे ठराविक तुकडे खोक्यांत भरून विकायला सुरुवात केली. त्यानंतर दुकानदाराला अख्खा पुढचा भाग घेण्याची गरज उरली नाही आणि त्या काळी स्वस्त असलेले ब्रिस्केट तेवढेच मागवता येऊ लागले.

गुरांना गळपट्टीचे हाड (जत्रुक) नसते. शरीराच्या वजनाचा मोठा भार छातीचे स्नायू पेलतात, म्हणून त्यांत कोलॅजेन (स्नायू बांधून ठेवणारे चिवट प्रथिन) भरपूर असते. सपाट, कमी चरबीचा ‘फ्लॅट’ आणि त्यावरचा चरबीदार ‘पॉइंट’ असे दोन स्नायू ब्रिस्केटमध्ये येतात. दोघांचे तंतू वेगवेगळ्या दिशांना धावतात. कापताना सुरीची दिशा बदलावी लागते ती यामुळे. मांस ७० अंश सेल्सिअसच्या पुढे तासन्‌तास राहिले की कोलॅजेनचे मऊ जिलेटिन होते. म्हणून स्मोकर साधारण ११०–१२० अंशांवर ठेवतात आणि मांसाच्या आतील तापमान ९३–९६ अंशांवर गेले की ते उतरवतात.

वाटेत, ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान, आतील तापमान कित्येक तास जागचे हलत नाही. याला ‘स्टॉल’ म्हणतात. कोलॅजेन किंवा चरबी वितळण्यात उष्णता खर्च होते, असे पूर्वी सांगत. भौतिकीविज्ञ ग्रेग ब्लॉन्डर यांनी पाण्याने भिजवलेला स्पंज स्मोकरमध्ये ठेवला, तेव्हा त्याचेही तापमान तसेच अडकले. स्पंजात तर कोलॅजेनही नसते आणि चरबीही नसते. पृष्ठभागावरील पाण्याची वाफ होताना किलोमागे सुमारे २,३०० किलोजूल उष्णता खेचली जाते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. त्यामुळे मांस फॉइलमध्ये किंवा खाटकाच्या जाड कागदात गुंडाळले की स्टॉल लवकर सरतो. फॉइलमध्ये वाफ कोंडून वरचे काळे, खरपूस कवच (बार्क) मऊ पडते. कागदात ते बऱ्यापैकी टिकते.

कडेची गुलाबी पट्टी (स्मोक रिंग) धुरातील नायट्रिक ऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड यांची मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाशी प्रक्रिया होऊन उमटते. चवीशी तिचा संबंध नाही.

मसाला म्हणून मध्य टेक्सासमध्ये बहुधा मीठ आणि भरड मिरी एवढेच लावतात. लाकूड पोस्ट ओक या ओकच्या जातीचे. पश्चिम टेक्सासमध्ये मेस्कीट वापरतात. मेस्कीट ही महाराष्ट्रात माजलेल्या वेड्या बाभळीच्याच प्रोसोपिस प्रजातीतील वनस्पती होय. तिचा धूर उग्र असल्याने दीर्घकाळच्या धुरावणीसाठी ओक बरा.

महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी आहे. म्हशीच्या मांसाला ती लागू नाही. म्हशीच्या मांसात स्नायूंमधली चरबी कमी असल्याने त्याचा फ्लॅट लवकर कोरडा पडतो.