मातीविना म्हणजे नक्की कशाविना? गच्चीवरच्या भाजीची पार्श्वभूमी

परसबाग हा शब्द हल्ली बाल्कनीतल्या चार कुंड्यांनाही लावतात. परस म्हणजे घराची मागची बाजू, आणि जुन्या परसबागेचा सगळा जीव न्हाणीच्या पाण्यात होता. न्हाणीतून निघालेला पाट आधी कर्दळीत आणि अळवात जाई, तिथून केळीच्या आळ्यात. उकिरड्याच्या कडेला लाल भोपळ्याचा वेल, मांडवावर पडवळ, दोडका, घोसाळं. वांग्याचं बी राखेत घोळवून ठेवायचं, दोडक्याचं आख्खं फळ वेलावरच वाळवून चुलीच्या धुरात टांगायचं. खत, पाणी, बी यांपैकी काहीच विकत आणलेलं नसे.

या बागेचं वर्षातलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे भाद्रपदातली ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून नांगर न लागलेली, हातानं लावलेली भाजी. अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, शिराळं, लाल भोपळा, मक्याचं कणीस, चिंचेचा कोळ, वर खोबरं. प्रत्येक जिन्नस थोडाथोडाच, कारण परसात एका वेळी तेवढाच निघतो. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

१९४२-४३ मध्ये ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला आणि ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली. तिचा भर अर्थातच शेतावर होता, परसावर नव्हे. शहरात तिचा मागे राहिलेला अवशेष म्हणजे रेल्वेच्या मोकळ्या जमिनीवरचे भाजीचे वाफे. रेल्वेच्या त्या योजनेचं नावही बरीच वर्षं ‘अधिक धान्य पिकवा’ हेच राहिलं. मुंबईत लोकलच्या खिडकीतून दिसणारा, नाल्याच्या पाण्यावर वाढलेला हिरवागार पालक पाहूनच अनेकांनी घरी पालेभाजी लावायला घेतली. सेंद्रिय वगैरे शब्द त्यांच्या कानावर नंतर आले.

चाळी जाऊन फ्लॅट आले, परस गेलं, उरली गच्ची. इथून पुढची सगळी कहाणी वजनाची आहे, आणि ती तशी सांगितली जात नाही हा आमचा आक्षेप आहे.

हिशोब सोपा आहे. माणसांच्या वापरासाठीची गच्ची भारतीय मानकांप्रमाणे चौरस मीटरला सुमारे १५० किलो वापरातला भार धरून बांधतात. एक फूट जाडीचा ओल्या मातीचा वाफा केला, तर तेवढ्याच जागेवर पाचशे किलोंच्या वर वजन बसतं. गावाकडची लाल माती पोत्यानं आणून पॅरापेटच्या कडेनं विटांचे वाफे बांधणाऱ्यांना हे आधी उमगलं नाही. खालच्या मजल्यावर छताला ओल आली, तेव्हा उमगलं. पालापाचोळ्याचं अर्धवट कुजलेलं खत ओलं असतानाही मातीच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं भरतं. त्याचा वीस सेंटिमीटरचा थर गच्चीच्या मर्यादेत बसतो. माती वगळण्याचं मूळ कारण एवढंच होतं.

गेल्या शतकाच्या अखेरीला मुंबईत यावर जो उपाय रुळला, तो रसवंतीवरच्या उसाच्या चिपाडांचा. चिपाडं फुकट मिळत, हलकी असत आणि पाणी धरत. पिशवीत किंवा पिंपात तीन चतुर्थांश चिपाडं दाबून भरायची, वर दोन-तीन इंच खतमाती, त्यात रोप. याच सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गणिताच्या अभ्यासकानं द्राक्ष बागायतदारांबरोबर मांडलेला पानांचा आणि उन्हाचा हिशोब (पानांवर पडणाऱ्या उन्हातून किती पीक निघेल, हा) शहरापर्यंत पोचला, आणि त्या विचारातून पुढे आली अमृतमाती, म्हणजे शेण-गोमूत्र-गुळाच्या पाण्यात भिजवून कुजवलेला पाचोळा. मुंबई बंदराच्या एका मोठ्या उपाहारगृहानं आपल्या गच्चीवर भाजी पिकवली, ती स्वयंपाकघराचा ओला कचरा जिरवण्यासाठी. तिथलं पाहून बऱ्याच सोसायट्या हलल्या.

आता शब्दांचा गुंता. चिपाडांच्या पद्धतीला लोक ‘मातीविना बाग’ म्हणू लागले. तिच्यात माती होती, थोडी होती एवढंच. उलट अमृतमातीच्या नावातच माती, पण ढिगात तिचं प्रमाण पाचोळ्याच्या मानानं किरकोळ. त्यानंतर कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाच्या, दाबलेल्या विटा आल्या, त्यांच्यावरही ‘मातीविना’. मग पाइपातून खताचं पाणी फिरवणारं हायड्रोपोनिक्स आलं, तेही ‘मातीविना’. एकाच शब्दाभोवती चार पद्धती गोळा झाल्या, आणि चारींत झाडाला अन्न देणारा वेगळा. अमृतमातीत अन्न जिवाणू देतात. हायड्रोपोनिक्समध्ये ते मोजून विरघळवलेले क्षार देतात. चिपाडांत पहिले दोन-तीन महिने कोणीच देत नाही. कोकोपीटमध्ये तर आपण दिल्याशिवाय कधीच नाही.

बहुतेक अपयशं इथूनच आली आहेत. ताज्या चिपाडांत कर्ब (कार्बन) नत्राच्या (नायट्रोजनच्या) शंभरपटीच्या आसपास असतो. ती कुजवणारे जिवाणू भोवतीचं नत्र ओढून घेतात आणि रोप खालच्या पानांपासून पिवळं पडत जातं. लोक समजतात पाणी जास्त झालं आणि पाणी तोडतात. मग ते वाळतंही. शिवाय चार महिन्यांत चिपाडं बसून निम्मी होतात, वांग्याची मुळं उघडी पडतात. कोकोपीटची तऱ्हा वेगळी. पाच किलोची वीट भिजून सत्तरेक लिटर होते. पण ती दोन-तीनदा धुतली नाही, तर तिच्यातल्या मिठानं पानांची टोकं करपतात आणि टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा चट्टा पडतो. तो रोग नाही, फवारणीनं जात नाही. फळाला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पोचतं आणि पाणी कधी भरपूर, कधी नाही असं झालं की तो हमखास दिसतो.

अमृतमातीवर वाद झाला तो वेळेवरून. मूळ कृती अशी: दहा लिटर पाण्यात एक लिटर गोमूत्र, एक किलो ताजं शेण, पन्नास ग्रॅम गूळ, तीन दिवस दिवसातून दोन-तीनदा ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाण्यात पातळ करायचं. त्यात वाळका पाला चोवीस तास भिजवून, मधेमधे मातीची पातळ पखरण करत दहा फूट लांब, तीन फूट रुंद, एक फूट उंच ढीग रचायचा. आठवड्याला एकदा परतायचा, असा महिनाभर. मग त्यावर कडधान्य, तृणधान्य, मसाल्याचं असं मिश्र बी पेरायचं. एकविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी शेंडे खुडायचे, त्रेसष्टाव्या दिवशी सगळं कापून, वाळवून पुन्हा ढिगात. एकूण साडेचार-पाच महिने लागतात. शहरातल्या माणसाला एवढा धीर नाही, आणि दहा फुटांचा ढीग कुठे घालायचा हाही प्रश्नच. म्हणून पेरणीचा टप्पा गाळून महिन्याभरात पिशवीत भरलेला पाचोळाही त्याच नावानं विकला जाऊ लागला. एका बाजूनं याला भेसळ म्हटलं, दुसरी म्हणाली शास्त्र एवढं सोवळं ठेवलं तर कोणी भाजी लावणारच नाही. दोघांचंही काहीसं खरं आहे. पण मुठीत दाबल्यावर ज्याला अजून आंबूस वास येतो, ते कुंडीत भरू नये, मग पिशवीवर नाव काहीही असो.

माती पूर्ण वगळावी की नाही, यावर आमचं मत वगळू नये असं. दुधाला विरजण लागतं तशी पाचोळ्याला माती लागते, तीही एखाद्या जुन्या झाडाखालची. रंगाच्या वीस लिटरच्या डब्याला दोन भाग पाचोळ्याचं पक्कं खत, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग चाळलेली माती, वर मूठभर निंबोळी पेंड. बुडाला बोटभर जाडीची पाच भोकं, आणि बुडापासून इंचभर वर बाजूला दोन, कारण तळाची भोकं हमखास चोंदतात. अशा डब्यात एक वांगं किंवा एक टोमॅटो. दोन लावले तर दोघंही हटून बसतात.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला कचरा वेगळा करणं बंधनकारक केलं, आणि पाठोपाठ मोठ्या सोसायट्यांना तो जागीच जिरवायला सांगितलं गेलं. तेव्हा गच्चीवरच्या बागेला पहिल्यांदा सरकारी कारण मिळालं. पुण्यात घरच्या घरी गांडूळखत करणाऱ्यांना मिळकत करात सवलत आहे, तिनंही बऱ्याच जणांना कामाला लावलं. २०२० च्या टाळेबंदीत मेथीची जुडी मिळेना आणि घरोघर ग्रो बॅगा आल्या. त्यांतल्या बऱ्याच पुढच्या उन्हाळ्यात रिकाम्या झाल्या. काळी पिशवी, सिमेंटची गच्ची, वर शेडनेट नाही. मुळं अक्षरशः शिजतात.

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत भांडण मात्र अजून गळतीचंच असतं. गच्ची सामायिक, गळणारं घर एकाचं. इथे बागवाल्यांचीही चूक असते. डबे थेट कोब्यावर ठेवले की उताराचं पाणी अडतं, खाली कायम ओल राहते आणि भेगेत पिंपळ रुजतो. विटांवर चार-सहा इंच उचलून ठेवले आणि भिंतीकाठच्या तुळईजवळ मांडले, तर अर्धी तक्रार मिटते.

राहिलं निघालेल्या भाजीचं काय करायचं ते. बाजारहाटाची सवय असलेल्याला गच्ची आधी निराश करते. भेंडीची चार झाडं एका दिवसाआड सात-आठ भेंड्या देतात, त्यांची भाजी चौघांना होत नाही. फूल गळल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी काढली नाही तर ती निबर होते, म्हणून साठवूनही भागत नाही. परसाची जुनी रीत इथे कामाला येते: तीन भेंड्या, पाच माठाची पानं, अर्धं शिराळं, भोपळ्याचा काप, एकत्र. शिराळ्याच्या शिरांची तिळाबरोबर चटणी. अळवाची पानं मात्र कुंडीतली लहान निघतात. वडीला चार-पाच एकावर एक लागतात, आणि चिंच कमी पडली की घसा खाजतोच.

गवार एकदम बहरते, तेव्हा ती वाळवावी. कोवळ्या शेंगा, देठ पूर्ण काढून, मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं. मग निथळून मिठाच्या ताकात रात्रभर, आणि तीन-चार कडक उन्हं. मोडल्यावर कट्‌ आवाज आला की बरणीत. देठ राहिला तर तिथला ओलावा सुटत नाही आणि बुरशी तिथूनच धरते. पहिल्या पंधरा दिवसांत एकदा बरणी उघडून वास घ्यावा. दमट वाटला तर अजून एक ऊन द्यावं.