खलबत: मुळात एकटं बसायचा शब्द, मग त्यात बाकीचे कुठून आले?

खलबत या शब्दाबद्दल मी बरीच वर्षं चुकीची समजूत घेऊन फिरत होतो. पसायदानात ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ आहे ना, त्यातला खळ म्हणजे दुष्ट, तर असे खळ लोक जमून जे काय करतात ते खलबत, असं काहीतरी डोक्यात बसलेलं. दुसरी थिअरी स्वयंपाकघरातली. खलबत्त्यात जसं कुटतात तसा एकच विषय कुटत बसायचा म्हणून खलबत, आणि ही जास्त पटते कारण ‘खल करणे’ आपण म्हणतोच. पण दोन्ही चूक. खळाशी संबंध नाही, बत्त्याशी तर नाहीच नाही.

शब्द अरबी आहे, खलवत, आणि आपल्याकडे आला फारसीतून. व चा ब करणं ही आपली जुनीच सवय, जवाबचा जबाब केला, नवाबचा नबाब केला, तसंच खलवतचं खलबत. अरबीत याचं मूळ ‘रिकामं असणं’ या अर्थाच्या धातूत आहे, त्याच धातूतून खाली हा शब्द निघतो, म्हणजे ‘खाली हात’ मधला खाली (आपला ‘खाली बस’ मधला नाही, तो वेगळा). तबल्याच्या तालात टाळी आणि खाली असते, ती खाली पण हीच. म्हणजे तीनतालातली नववी मात्रा आणि बंद दाराआडची खलबतं हे चुलत भाऊ झाले, मला हे कळलं तेव्हा भारी गंमत वाटली होती.

तर रिकामी जागा, मग रिकामी म्हणजे जिथे दुसरं कोणी नाही अशी जागा, म्हणजे एकांत. सूफी लोकांत खलवत म्हणजे साधनेसाठी जगापासून दूर एकटं बसणं, बऱ्याचदा चाळीस दिवस, त्यालाच चिल्ला म्हणतात (हा चिल्ला आपल्या गाण्याबजावण्यातल्या लोकांनी पण उचलला, चाळीस दिवस स्वतःला कोंडून रियाज). खलवतिया नावाचा सूफींचा पंथच आहे, चौदाव्या शतकात सुरू झालेला, पुढे ऑटोमन तुर्कस्तानात खूप पसरला. इथपर्यंत यात कारस्थान वगैरे कुठेच नाही, एक माणूस आणि त्याचा देव, बास.

बिघडलं ते राजवाड्यात, किंवा बिघडलं असं नको म्हणायला, गरज होती. राजाच्या आसपास कायम गर्दी, एकांत हीच सगळ्यात दुर्मिळ गोष्ट, म्हणून महालात एक खोली त्यासाठी वेगळी ठेवायची, ती खलवतखाना. आणि त्या खोलीत राजा ज्याला बोलावेल तो अर्थातच सगळ्यात विश्वासाचा माणूस, आणि तिथे जे बोलायचं ते अर्थातच बाहेर न सांगण्यासारखं. म्हणजे एकाची खोली दोघा-चौघांची झाली आणि खोलीचं नाव तिथल्या बोलण्याला लागलं. मोगलांकडे तर याच्या पुढची गंमत, तिथे खासगी सल्लामसलतीच्या दालनाला गुसलखाना म्हणायचे, म्हणजे चक्क न्हाणीघर, कारण ते न्हाणीघराला लागून होतं. मसलत पण अरबीच बरं का, मूळ अर्थ हिताची गोष्ट.

रायगडावर राजवाड्याच्या अवशेषांत स्तंभांच्या जवळ एक तळघर आहे. कोणी त्याला रत्नशाळा म्हणतं, कोणी खलबतखाना, आणि आत उतरून बघितलं की कोणाच्याही डोक्यात खलबतखानाच येतो, कारण वरून चालणाऱ्याला खाली कोण बसलंय याचा पत्ता लागू नये असं ते आहे. आता यातली खरी मजा बघा, १६७४ ला राज्याभिषेक झाला त्याच काळात महाराजांनी कारभारातले फारसी-अरबी शब्द काढून संस्कृत शब्द घालायला राज्यव्यवहारकोश करून घेतला, काम मोठं होतं आणि त्यातले कितीतरी शब्द आज आपण वापरतो. पण खलबत काही लोकांच्या तोंडातून गेलं नाही.

बखरींमध्ये ‘खलबत केले’, ‘खलबतास बसले’ असं सहज येतं, आणि त्यात वाईट काही नाही, आज आपण मीटिंगला बसले म्हणू तसं. कारस्थान या शब्दाचं पण तेच. पेशवाईत कारस्थानी म्हणजे राजकारणातला मुरलेला माणूस, शिवी नाही, उलट सर्टिफिकेट. याचं सगळ्यात मोठं उदाहरण बारभाईंचं कारस्थान. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, राघोबादादा गादीवर बसले आणि फौज घेऊन मोहिमेवर गेले. मागे पुण्यात सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे वगैरे मंडळींचं ठरलं की यांना पेशवा मानायचं नाही. नारायणरावांची बायको गंगाबाई गरोदर होती, तिला १७७४ च्या सुरुवातीला पुरंदरावर नेऊन ठेवलं आणि तिच्या नावाने कारभार सुरू केला. विचार करा, मुलगा होईल की मुलगी माहीत नाही आणि यांनी सगळं राज्य त्यावर लावलं. त्रिंबकराव पेठे तर मार्चमध्येच पंढरपूरजवळ कासेगावच्या लढाईत गेले. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला, सवाई माधवराव, आणि खलबत फळाला आलं. आता यांना कटवाले म्हणायचं का राज्य वाचवणारे, तर आपण कारस्थान म्हणतो आणि वर कौतुकाने म्हणतो.

हे कौतुक नंतर कधीतरी गळून गेलं. आज खलबतं कायम अनेकवचनात, कायम दुसऱ्याची. आमची चर्चा असते, त्यांची खलबतं असतात. निवडणुकीच्या तोंडावर पेपरात ‘रात्री उशिरापर्यंत खलबतं’ असं येतं तेव्हा लिहिणारा दाराबाहेर होता एवढं नक्की समजायचं.

बाकी ठिकाणी या शब्दाचं जे झालं ते अजून विचित्र आहे. तुर्की हमामात हलवेत म्हणजे अंघोळीची खासगी खोली. हैदराबादला निजामाच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये खिलवत मुबारक आहे, नाव एकांताचं आणि आहे काय तर झुंबरं लावलेला दरबार हॉल, जिथे सगळ्यात जास्त गर्दी व्हायची! आणि मलेशियात खलवत हा सरळ गुन्हा आहे, मुस्लिमांसाठीच्या शरिया कायद्यात, एकमेकांशी लग्न न झालेले (आणि जवळचं नातंही नसलेले) बाई-पुरुष बंद जागेत संशयास्पदरीत्या एकत्र सापडले की झालं खलवत. क्वालालंपूरला लागू असलेल्या १९९७ च्या कायद्यात त्याला ३,००० रिंगिटपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. तिथे नाना-बापूंसारखी मंडळी रात्रभर दार लावून बसली असती तर या कलमाखाली कोणी हात लावला नसता.