फोडणी तापली आणि मोहरी वाण्याकडे

रात्रीचा एक वाजलेला. ‘सिव्हिलायझेशन ६’ या आळीपाळीने खेळायच्या संगणक गेमचा २८०वा टर्न, म्हणजे पाळी. ‘नेक्स्ट टर्न’ दाबलं आणि पाणी प्यायला उठलो. परत आलो तरी संगणकाचे सात राजे अजून विचारच करत होते. पहिले पन्नास टर्न चुटकीसरशी उरकले होते, पण नकाशा शहरांनी आणि फौजांनी भरत गेला तशी प्रत्येक टर्न जड होत गेली.

मग मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. साठवलेले पैसे मोडून नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं. समुद्राच्या लाटा फार सुरेख दिसायला लागल्या. राजे मात्र तितकाच वेळ खात राहिले.

ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं, डोकं प्रोसेसर चालवतो. आणि या डोकेबाजीचा बराच भाग एकामागून एकच करावा लागतो. एका राजाने खिंड अडवली की पुढच्याचा रस्ता बदलतो, म्हणजे पहिल्याचं ठरल्याशिवाय दुसऱ्याला ठरवता येत नाही. आठ कोर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे आठ स्वतंत्र भाग, असले तरी अशा वेळी एक राबतो आणि बाकीचे बघे. जीन अ‍ॅमडाल या संगणक-रचनाकाराने १९६७ मध्येच हा मुद्दा मांडला होता. समजा अर्धं काम असं रांगेतलं आहे. मग आठ कोर लावून वेग पावणेदोन पटीच्या आसपास जातो, आणि हजार लावले तरी दुप्पट होत नाही. विंडोजमधला टास्क मॅनेजर, म्हणजे प्रोसेसर किती राबतोय ते दाखवणारा फलक, इथे हमखास चकवतो. १६ थ्रेडांच्या, म्हणजे एका वेळी कामाचे १६ धागे चालवणाऱ्या, प्रोसेसरवर एकच थ्रेड घाम गाळत असेल, तर एकूण वापर ६ टक्क्यांच्या आसपास दिसतो आणि आपल्याला वाटतं, हा तर निवांत आहे.

राबणारा तो एक कोरही पुष्कळदा वाटच बघत असतो. इथेच खरी गोम आहे.

साडेचार गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला साडेचार अब्ज ठोक्यांच्या, प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे साधारण ०.२२ नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोसेकंद). हा ठोका ताणून एक सेकंदाचा केला, असं धरू. कोरच्या अगदी शेजारची कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच छोटी, झटपट मेमरी, हा शेगडीजवळचा मिसळणाचा डबा: हात घातला की चार-पाच सेकंदांत मोहरी हातात. तिसऱ्या पातळीची कॅश म्हणजे फडताळ, तिथे पाऊण मिनिट. आणि रॅम, म्हणजे संगणकाची मुख्य मेमरी? कोपऱ्यावरचा वाणी. जाऊन यायला पाच मिनिटं. फोडणीचं तेल तापलंय, आणि स्वयंपाकी पिशवी घेऊन बाहेर पडलाय. आता शेगडी कितीही मोठी करा, मोहरी लवकर येणार नाही.

स्ट्रॅटेजी गेममध्ये हे हेलपाटे जास्त पडतात. हजारो फौजा, शहरं, रस्ते यांची माहिती मेमरीत विखुरलेली असते आणि पुढे कुठली लागेल याचा अंदाज प्रोसेसरला नीट बांधता येत नाही.

रॅमची पेशी म्हणजे एक ट्रान्झिस्टर (विजेचा स्विच) आणि एक चिमुकला कपॅसिटर (विजेचा साठा). ही कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, पेटंट १९६८चं. ट्रान्झिस्टर लहान केले की व्होल्टेजही उतरवता येतं, म्हणून चिप न तापता वेगवान होते, हा हिशेब मांडणारा १९७४चा निबंधही त्यांचाच. त्या हिशेबाने प्रोसेसर तीस वर्षं सुसाट पळाले. रॅमची क्षमता अफाट वाढली, पण एक दाणा काढून द्यायला लागणारा वेळ फारसा घटला नाही.

म्हणून २०२२ मध्ये एएमडी या कंपनीने काढलेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर मला फार आवडतो. वरचा वेग ४.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे ५८००एक्स या भावंडापेक्षा ०.२ने कमीच. पण ३२ मेगाबाइट कॅशवर आणखी ६४ मेगाबाइटचा मजला चढवलेला. फडताळ तिप्पट झालं, आणि बऱ्याच गेममध्ये हा हळू प्रोसेसर वेगवान भावाच्या पुढे गेला. सगळ्याच गेममध्ये नाही. माल आधीच मावत होता किंवा ९६ मेगाबाइटमध्येही मावला नाही, तर फरक किरकोळ. आणि या प्रोसेसरला नेहमीचं ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, कंपनीनेच बंद केलेलं आहे!

नवीन काही घेण्याआधी बायोस, म्हणजे संगणक सुरू होतानाचं सेटिंगचं पान, उघडून बघा. माझ्या रॅमच्या पाकिटावर ३२०० लिहिलेलं, आणि ती दोन वर्षं २१३३वर चालत होती. जोडून देणाऱ्याने एक्सएमपी, म्हणजे रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारं सेटिंग, चालू केलंच नव्हतं, आणि मीही कधी पाहिलं नाही. सीएल म्हणजे माल काढायला लागणारे रॅमचे ठोके: सीएल १५वर २१३३ म्हणजे १४ नॅनोसेकंद, सीएल १६वर ३२०० म्हणजे १०. वाण्याकडच्या एकूण फेरीतला हा एक टप्पा, पण फुकटात कमी होणारा. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी, जोडीची घाला. वाण्याकडे दुसरा गल्ला उघडतो.

राहिलं प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग. १९९८च्या सेलेरॉन ३००एची गोष्ट अजून सांगितली जाते: बसचा, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या वाटेचा, वेग ६६वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३००चा प्रोसेसर बहुतेकदा ४५० वर चालायचा. (त्याचीही कॅश छोटी, पण चिपवरच आणि पूर्ण वेगाची होती.) आता कंपन्याच टर्बोच्या नावाखाली जवळपास सगळं पिळून देतात. वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. वेग १० टक्के चढवायला व्होल्टेजही १० टक्के चढवलं, तर वीज आणि उष्णता ३३ टक्क्यांनी वाढते. आणि हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा, चिपला खोलीच्या तुलनेतच थंड ठेवतो. २५ अंशांच्या खोलीत ७५वर असलेली चिप नागपुरात मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ९०च्या घरात जाते, मग स्वतःच वेग उतरवते. पीसी खसच्या कूलरसमोर ठेवायची युक्ती मात्र करू नका. ती हवा ओली असते.

जास्त ताणलेला प्रोसेसर दरवेळी बंद पडतोच असंही नाही. कधी तो एखादा आकडा गुपचूप चुकवतो. १९९७च्या ‘एज ऑफ एम्पायर्स’सारख्या गेममध्ये प्रत्येक खेळाडूचा संगणक सगळं युद्ध स्वतःच मोजतो, एकमेकांना फक्त हुकूम पाठवतात. एका संगणकावर एक आकडा चुकला की तिथला धनुर्धारी मरतो, दुसरीकडे जिवंत राहतो. मग ‘आउट ऑफ सिंक’चा फलक झळकतो, आणि तीन तासांचा डाव सगळ्यांचाच जातो.