धमनीतला वारा आणि पाचशे पेशी

धमनीत रक्त असते हे शाळेतले पोरही सांगेल. पण ‘धमनी’ ज्या धातूवरून आला, त्या ‘धम्’चा अर्थ फुंकणे. ग्रीकांच्या ‘आर्टेरिआ’चे नातेही हवेशीच. श्वासनलिका आणि आजची धमनी, दोन्हींना ते हेच नाव देत. त्यांच्याकडे त्याला कारणही होते. माणूस मेला की धमन्यांच्या जाड, लवचीक भिंती आकसतात, रक्त शिरांमध्ये सरकते आणि शरीर उघडणाऱ्याला धमन्या रिकाम्या दिसतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात शवविच्छेदन करणाऱ्या एरासिस्ट्रॅटसचे म्हणणे असे, की शिरांतून रक्त वाहते आणि धमन्यांतून ‘न्यूमा’, म्हणजे श्वासातून आत गेलेला वारा. मग जिवंत माणसाची धमनी कापल्यावर रक्ताची चिळकांडी कशी उडते? त्याचेही उत्तर तयार होते: वारा निसटतो आणि रिकाम्या जागेत शेजारच्या शिरांतले रक्त ओढले जाते. साफ चूक, पण डोके लढवून केलेली.

सुमारे चारशे वर्षांनी गेलन या ग्रीक वैद्याने जिवंत जनावराची धमनी दोन ठिकाणी दोऱ्याने आवळली आणि मधला भाग चिरला. आत रक्तच निघाले. १६२८ मध्ये इंग्रज वैद्य विल्यम हार्वेने रक्ताभिसरणाचे गणित मांडल्यावर तर शंकेला जागाच उरली नाही. नाव मात्र कोणी बदलले नाही. दोन ‘आर्टेरिआ’ वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून ग्रीक श्वासनलिकेला ‘खरखरीत आर्टेरिआ’ म्हणत. पुढे त्यातले नाम गळाले आणि ‘खरखरीत’ एवढेच राहिले. तोच आजचा ट्रॅकिआ.

आपल्याकडची गुंतागुंत वेगळी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातल्या गोष्टींची मोजदाद आहे: ७०० सिरा, २४ धमन्या, ९०० स्नायू, ५०० पेशी. आजच्या मराठीने वाचले तर पाचशे पेशींचा माणूस हा विनोदच वाटेल. पण सुश्रुताची पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आपण ज्याला आता स्नायू म्हणतो तो. त्याचा स्नायू म्हणजे हाडे-सांधे बांधून ठेवणारा तंतू. आणि त्याच्या धमन्या नाभीतून निघतात; शब्द, गंध, रस वाहून नेण्याचे कामही त्यांच्याकडेच आहे. पाश्चात्त्य वैद्यकाला देशी प्रतिशब्द हवे झाले तेव्हा हेच जुने शब्द कामाला लावले गेले, पण प्रत्येक भाषेने आपापल्या परीने. हिंदीत पेशी हा स्नायूच राहिला, मराठीत तो शरीराचा सूक्ष्मतम जिवंत घटक झाला आणि बंगालीत ‘स्नायु’ म्हणजे मज्जातंतू. तीन भाषांतली शरीरशास्त्राची पुस्तके शेजारी ठेवणाऱ्याची कीव करावी.

मराठी पेशीचे इंग्रजी भावंड ‘सेल’ हेही एका अर्धवट निरीक्षणाचे अपत्य. रॉबर्ट हूकने बुचाच्या लाकडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, रिकाम्या कप्प्यांची जाळी पाहिली आणि १६६५ मध्ये त्यांना खोल्यांचे नाव दिले. त्याला दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या उरलेल्या भिंती. मलेरियाचेही तसेच: इटालियनमध्ये त्याचा अर्थ ‘वाईट हवा’. पण १८८० मध्ये लाव्हराँने रक्तात परजीवी दाखवला, १८९७ मध्ये रॉसने डासाच्या पोटात. ‘मसल’चे मूळ लॅटिनमध्ये ‘छोटा उंदीर’. दंडात बेडकुळी पाहणाऱ्या मराठी माणसाला यात हसण्यासारखे काही नाही.

मला सर्वांत आवडतो तो ‘लस’ हा शब्द. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नरने एका गवळणीच्या हातावरच्या गोदेवीच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या मुलाला टोचला. गाईला लॅटिनमध्ये ‘वाका’, म्हणून ‘व्हॅक्सिन’. पुढे पाश्चरने १८८१ मध्ये, जेन्नरच्या सन्मानार्थ, सगळ्याच प्रतिबंधक टोचण्यांना हे नाव द्यावे असे सुचवले आणि गाईचा संबंध संपला. मराठीने गाय घेतलीच नाही. फोडातून, जखमेतून झिरपणारे पातळ पाणी ती लस. टोचणाऱ्याच्या सुईच्या टोकावर खरोखर जे असे, तेच नावात उतरले.

चुकीच्या नावांचा डॉक्टरांना फारसा त्रास होत नाही. बदल होतो तो नाव कोणाला बोचू लागले की. जॉन लँग्डन डाउनने १८६६ मध्ये ज्या मुलांना ‘मंगोल’ म्हटले, त्यांच्या स्थितीचे (आजचे डाउन सिंड्रोम) ते नाव मंगोलियाने आक्षेप घेतल्यावर १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सोडले. ‘हिस्टेरिया’त गर्भाशय दडलेले आहे, जणू हा आजार बायकांचाच. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणातून ते निदान १९८० मध्ये गेले. २०१५ पासून तर जागतिक आरोग्य संघटनेचा दंडकच आहे की नव्या रोगाच्या नावात गाव, माणूस किंवा प्राणी नको. त्याच विचाराने २०२२ मध्ये ‘मंकीपॉक्स’चे ‘एमपॉक्स’ झाले. माकडांवर तो आळ तसाही अन्यायाचाच होता: १९५८ मध्ये हा विषाणू प्रथम सापडला तो कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत ठेवलेल्या माकडांत, एवढाच त्यांचा गुन्हा. संशय आहे तो उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांवर.

मराठीत अशीच पाळी ‘महारोगा’वर आली आणि ‘कुष्ठरोग’ रूढ झाला. हा शब्द सौम्य वाटला तरी नेमका म्हणता येत नाही. आयुर्वेदात कुष्ठाचे अठरा प्रकार आहेत, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे, आणि त्यांत कितीतरी साधे त्वचारोगही येतात. हॅन्सेनने १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जो जिवाणू शोधला, तो यांपैकी बहुतेकांत सापडणार नाही.