सेदेफकारलिक

लाकडात शिंपल्याच्या आतल्या चमकदार थराचे तुकडे बसवून नक्षी साधण्याची तुर्की कला. अरबीत ‘सदफ’ म्हणजे शिंपला. तुर्कीत त्याचे ‘सेदेफ’ झाले आणि हे काम करणारा कारागीर तो ‘सेदेफकार’. एदिर्ने शहरातील सुलतान दुसऱ्या बायझिदच्या मशिदीची दारे (पंधराव्या शतकाची अखेर) हा उस्मानी (ऑटोमन) काळातला सर्वांत जुना नमुना मानला जातो. पुढच्या दीड शतकात इस्तंबूलच्या राजवाड्यातील कारखान्यांत ही कला कळसाला पोहोचली.

शिंपला बाकदार असतो. त्यातून सपाट तुकडा काढायचा तर तो लहानच निघतो, आणि या कलेचे सगळे रूप याच अडचणीतून घडले आहे. इवल्या तुकड्यांनी दाराची अख्खी फळी भरायची, तीही सांध्यात फट न ठेवता, म्हणजे त्रिकोण, षट्कोन, ताऱ्यांची टोके यांचा हिशेब आधी जुळवावा लागतो. एक कोन किंचित चुकला की पुढची सगळी रांग फाकत जाते. त्यामुळे सेदेफकाराला सुतारकामाइतकीच भूमितीही यावी लागे.

इस्तंबूलच्या सुलतान अहमद मशिदीचा (१६०९–१६१७) वास्तुकार मेहमद आगा याच वाटेने वर आला. त्याचे ‘सेदेफकार’ हे बिरुद आजही त्याच्या नावाला चिकटलेले आहे. त्याच्या हयातीतच जाफर एफेंदीने लिहिलेल्या चरित्रानुसार, राजवाड्याच्या बागेत नोकरीला असलेल्या तरुण मेहमदला आधी संगीताचा नाद होता. एका स्वप्नाने अस्वस्थ होऊन त्याने तो सोडला. मग सेदेफकारांच्या कारखान्यात एक तरुण भूमितीचा ग्रंथ वाचताना त्याने ऐकला आणि तो तिथेच रमला. पुढे थोर उस्मानी वास्तुकार मिमार सिनानच्या हाताखाली तो वास्तुविद्याही शिकला. त्याच्याआधीचा प्रमुख वास्तुकार दाल्गिच अहमद आगा हाही सेदेफकारच; इस्तंबूलच्या आयासोफियाच्या (हागिया सोफिया) आवारातील सुलतान तिसऱ्या मुरादच्या कबरीची दारे त्याने घडवली. लागोपाठ दोन राजवास्तुकार जडावकामाच्या पाटावरून उठून आले, हा योगायोग वाटत नाही.

लाकूड मुख्यतः अक्रोडाचे; आबनूस, रोझवुड, नाशपती ही इतर. ते वर्षानुवर्षे वाळवलेले लागते, कारण ओले लाकूड आकसले की तुकडे उचकटतात. शिंपल्याचा बाहेरचा खडबडीत थर घासून काढतात, उरलेली पातळ चकती बारीक पात्याच्या करवतीने कापतात आणि कानशीने आकाराला आणतात. ही धूळ फुप्फुसांना घातक असल्याने कापताना शिंपला ओला ठेवतात. लाकडावर तुकड्याची कड आखून पटाशीने तेवढीच खाच कोरायची, सरस लावून तुकडा बसवायचा, फटी लुकणाने भरायच्या, मग सगळे एका पातळीत घासून लाखेचे पॉलिश द्यायचे. शिंपल्याला मुळात रंग नसतो. ॲरागोनाइट या खनिजाच्या सुमारे अर्ध्या मायक्रॉन जाडीच्या पापुद्र्यांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि गुलाबी-हिरवी झाक दिसते. निळ्या-हिरव्या छटेच्या शिंपल्याला तुर्की कारागीर ‘आरूसेक’, म्हणजे छोटी नवरी, म्हणतात.

कामाच्या चार धाटण्या सांगतात. इस्तंबूलच्या कामात शिंपल्याशेजारी कासवाच्या कवचाचे पापुद्रे बसवत आणि त्यांच्याखाली सोन्याचा वर्ख घालत. काळसर कवचातून तो वर्ख निखाऱ्यासारखा झळकतो. सर्वांत देखणी धाटणी हीच. दमास्कसच्या कामात तुकड्याभोवती धातूची तार ठोकलेली असते, जेरुसलेमच्या कामात शिंपला कोरलेला असतो, तर व्हिएन्नाच्या कामात पितळी पत्रा येतो.

मशिदींची दारे आणि खिडक्यांची झडपे यांच्यापुरते हे काम थांबले नाही. कुराण ठेवायची घडीची ठवणी (‘रहले’), कुराणाच्या तीस भागांसाठी घुमटाच्या पेट्या, दौतीचे डबे, पागोटे ठेवायच्या फळ्या, सोंगट्यांचे पट, एवढेच काय, हमामात घालायच्या उंच खडावासुद्धा शिंपल्याने मढत. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातले सुलतान पहिल्या अहमदचे सिंहासन मेहमद आगाचे मानतात. तिथल्याच बगदाद कोश्क या मंडपातली (१६३९) दारे आणि कपाटे सावकाश पाहावीत अशी आहेत.

भारतात शिंपल्याचे काम वेगळ्या अंगाने वाढले. गुजरातचे कारागीर काळ्या लाखेत तुकडे बसवत किंवा पितळी खिळ्यांनी ते लाकडावर ठोकत. त्यांचा माल पश्चिम आशियात आणि युरोपात जाई. मराठवाड्याच्या वेशीवरच्या बिदर किल्ल्यात, रंगीन महालात, शिंपला थेट काळ्या दगडात बसवलेला आहे. दगड फुगत-आकसत नसल्याने तिथल्या कारागिराची चिंता निराळी होती.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय फर्निचरची आवड वाढली आणि इस्तंबूलमधली मागणी आटली. स्वतः उत्तम सुतार असलेल्या सुलतान दुसऱ्या अब्दुलहमीदने इस्तंबूलच्या यिल्दिझ राजवाड्यात लाकूडकामाचा कारखाना चालवला, त्यामुळे हा धागा तुटला नाही. आज या कामाचे मोठे केंद्र आहे दक्षिण तुर्कस्तानातले गाझीआंतेप. सीरियाजवळचे शहर असल्याने तिथल्या कामात तारेचा वापर भरपूर दिसतो. समुद्री कासवांच्या आणि हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आल्यापासून त्यांच्या जागी रेझिन व हाड वापरतात. बाजारात नकली शिंपलाही पुष्कळ आहे. खरा शिंपला हाताला गार लागतो, आणि शेजारशेजारच्या दोन तुकड्यांची झाक कधी तंतोतंत सारखी नसते.